सिस्टरनं स्क्रीन बंद केला नव्हता

चार वर्षांपूर्वी कळंबमधल्या एका खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत, दुपारी चार वाजून सात मिनिटांनी, सिस्टरांच्या टेबलावरचा मोठा स्क्रीन बंद पडला. तो ड्यूटीवरच्या सिस्टरनं बंद केला, असं गावात अजूनही पुष्कळजण धरून चालतात. तिनं बंद केला नव्हता. तो माझ्या कामामुळं बंद पडला होता आणि मला ते त्याच दिवशी सव्वाचारला कळलं होतं.

रुग्णालयाचं, डॉक्टरांचं, सिस्टरचं, कुणाचंच नाव इथं लिहीत नाही. माझंही नाही. गावात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

पुण्यात आणि हैदराबादेत मिळून तीस वर्षं मी मोठ्या संगणकांची देखभाल केली. निवृत्त झाल्यावर कळंबला परतलो, तेव्हा गावात मी 'कॉम्प्युटरवाले सर' झालो. शाळेचा प्रिंटर अडला तरी माणूस मलाच बोलवायला यायचा. मला ते आवडायचं. त्या रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा तर मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. त्यांची अडचण अशी होती की सगळ्या इमारतीचा कारभार एकाच सर्व्हरवर चालायचा. एक्स-रे, लॅबचे रिपोर्ट, औषधांचं भांडार, कामगारांची हजेरी, आणि आयसीयूतल्या आठ खाटांची नाडी नि ऑक्सिजन दाखवणारा स्क्रीन, सगळं एकाच मशीनवर. एकानं जास्त जागा खाल्ली की बाकीचे खुरडत चालायचे.

यावरचा उपाय मला चांगला माहीत होता. चालू असलेल्या प्रोग्रामला आम्ही प्रक्रिया म्हणतो. सारख्या प्रक्रियांचे गट करायचे आणि कुठल्या गटानं जास्तीत जास्त किती मेमरी वापरायची, प्रोसेसरचा किती वेळ घ्यायचा, हे आधीच ठरवून टाकायचं. गटाच्या पोटात आणखी गट करता येतात. कागदावर काढलं तर उलटं झाड दिसतं, मूळ वर आणि फांद्या खाली. त्याचे नियम थोडे पण कठोर आहेत. पोटगटाला वरच्या गटाच्या वाट्यापलीकडे काही मिळत नाही. आणि गटाचा वाटा संपला, की संगणकाचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो त्या गटातली जी प्रक्रिया सगळ्यांत जास्त मेमरी धरून बसली असेल ती मारून टाकतो. विचारत नाही. बाकीच्या मशीनमध्ये ढीगभर मेमरी मोकळी पडली असली तरी मारतो.

पहिलं झाड मी घरी बसून काढलं. ते बरोबर होतं. आयसीयूचा स्क्रीन मी थेट मुळाखाली, एकटा ठेवला होता. त्याच्या वाट्याला दुसरं कुणी नव्हतं. एक्स-रे त्याच्या खालोखाल, लॅब तिसरी, आणि कचेरीची सगळी कामं एका गटात सगळ्यांत खाली. माणूस मरू शकतो ते वर आणि थांबलं तरी चालतं ते खाली, एवढाच विचार त्यात होता.

तो कागद घेऊन मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो. तिथं व्यवस्थापक होते, भांडारवाले होते, आणि आयसीयूच्या सिस्टर होत्या. खुर्च्या कमी होत्या म्हणून सिस्टर दाराजवळ उभ्या राहिल्या. मी झाड समजावून सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद जवळून पाहिला आणि हसून म्हणाले, "म्हणजे सर, आमचं एक्स-रेचं खोकं सिस्टरच्या खालीच का हो?"

सगळे हसले. व्यवस्थापकांनी जोडून दिलं की आता साहेबांनी राउंड घ्यायचा तो सिस्टरांची परवानगी काढून. पुन्हा हसले. कुणी मला कागद बदला म्हणालं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं कित्येक महिने मी मनाला सांगत होतो की मला बदलायला लावलं. कुणी लावलं नव्हतं. मी स्वतःच म्हणालो, "हा नुसता कच्चा आहे साहेब, पक्का उद्या आणतो." आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत माणूस बसवताना कुणाचा मान कुठं हे न विचारता कळावं लागतं. ते मला लहानपणापासून कळायचं. त्या केबिनमध्येही कळलं.

दुसऱ्या दिवशीचं झाड रुग्णालयाच्या मानपानाचं होतं. मुळाखाली पहिली फांदी डॉक्टरांची, एक्स-रेसकट, भरपूर वाटा देऊन. दुसरी व्यवस्थापनाची. तिसरी कर्मचाऱ्यांची. कर्मचाऱ्यांच्या पोटात नर्सिंग, हजेरी आणि भांडार. आयसीयूचा स्क्रीन सिस्टर वापरतात, म्हणून तो नर्सिंगच्या पोटात गेला. कर्मचाऱ्यांच्या सगळ्या फांदीला मी चार जीबी मेमरी दिली. नर्सिंगला तीनपर्यंत मुभा, हजेरीलाही तीनपर्यंत. बेरीज चाराच्या वर जाते हे मला दिसत होतं. पण दोघं एकदम भरत नाहीत, असा माझा अंदाज होता. अशी उधारीची वाटणी या धंद्यात सगळे करतात. मात्र ज्याच्यावर कुणाचा श्वास अवलंबून आहे, त्याला त्या वाटणीत बसवत नाहीत. हे मी नव्या मुलांना शिकवायचो.

नवा कागद सगळ्यांना पसंत पडला. उठता उठता सिस्टरांनी एकच विचारलं.

"सर, माझा स्क्रीन बंद तर न्हाय ना पडायचा? तिकडं आवाज बारीक करून ठेवलेले असतेत."

खाटेजवळच्या यंत्रांचे आवाज त्या बारीक ठेवायच्या, कारण आठ यंत्रं एकदम बोंबलली की रुग्ण घाबरायचे आणि नातेवाईक भांडायला यायचे. सगळा भरवसा टेबलावरच्या स्क्रीनवर होता. तिथं लाल पट्टी यायची, मोठा आवाज व्हायचा, आणि सिस्टर पळायच्या. मी म्हणालो, "नाही पडायचा. माझी जबाबदारी."

सात-आठ महिने पडला नाही.

त्या दिवशी तपासणीचं पथक येणार म्हणून कचेरीत धावपळ होती. मी तिथंच, सर्व्हरच्या खोलीत, एक नवीन डिस्क बसवायला गेलो होतो. हजेरीच्या माणसानं सगळ्या वर्षाचा अहवाल एकदम काढायला लावला. त्याची काही चूक नाही, बटण त्यासाठीच होतं. तो अहवाल फुगत गेला. चार वाजून सात मिनिटांनी कर्मचाऱ्यांच्या फांदीचे चारही जीबी भरले. कर्नलनं त्या फांदीत सगळ्यांत जाड कोण ते पाहिलं. आठ खाटांच्या मागच्या कित्येक तासांच्या रेघा जपून ठेवणारा आयसीयूचा प्रोग्राम सगळ्यांत जाड होता. त्याला मारलं. अहवाल व्यवस्थित छापून निघाला.

मला खालच्या मजल्यावरून पळण्याचा आवाज ऐकू आला. मग एका बाईचं रडणं. मी जिन्यावर आलो तेव्हा आयसीयूचं दार उघडं होतं आणि चार नंबरच्या खाटेभोवती माणसं होती. त्या खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई होती, न्यूमोनियानं आलेली. सिस्टर सात नंबरच्या रुग्णाला कुशीवर वळवत होत्या. वळवून मान वर केली तर स्क्रीन काळा दिसला. त्यांनी स्क्रीनकडं न जाता खाटांवरून धावती नजर फिरवली, आणि चार नंबरच्या ओठांचा रंग बघून तिकडं झेपावल्या. बाईचा मास्क सुटून बाजूला पडला होता आणि ऑक्सिजन खाली गेला होता. तिला वाचवलं ते सिस्टरांनी. डॉक्टर पोचेपर्यंत निम्मं काम झालं होतं.

तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. मला फक्त काळा स्क्रीन दिसला. मी वर धावलो. लॉग उघडला. संगणक प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहून ठेवतो तो लॉग. त्यात ती ओळ होती. कुठल्या गटाचा वाटा संपला, कुणाला मारलं, किती वाजता, सगळं एका ओळीत. मी ती तीनदा वाचली. मग मी प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि स्क्रीनची फांदी उचलून थेट मुळाखाली लावली, पहिल्या कागदावर होती तिथं. या कामाला चार मिनिटं लागली. पासवर्ड दोनदा चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमध्ये पुन्हा आम्ही तेवढेच. बाहेर त्या बाईचे भाऊ आणि गावचे पंधरा-वीस लोक उभे होते आणि त्यांचा आवाज आत येत होता. काच फुटेल असं मला सारखं वाटत होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, मशीन बिघडलं होतं का?

मी म्हणालो, "सर्व्हर एक सेकंदही बंद पडला नव्हता साहेब."

हे वाक्य खरं होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी रात्रभर ते तयार केलं होतं.

व्यवस्थापक म्हणाले, मग स्क्रीन आपोआप कसा जाईल, कुणीतरी बंद केल्याशिवाय? कुणीतरी मोबाईलचं चार्जर लावायला वायर काढली असेल, नाहीतर स्क्रीनवर दुसरं काही बघायला घेतलं असेल. ते कुणाकडं बघत नव्हते, पण खोलीत आयसीयूच्या एकच सिस्टर होत्या. त्या इतका वेळ नीट, छापील बोलत होत्या, रिपोर्ट दिल्यासारख्या. आता त्यांची भाषा घसरली.

"म्या हातबी लावला न्हाय, सर. तुम्ही सांगा की यांना."

त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या होत्या. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत राहिलो. मला भीती कशाची वाटली ते आजही नीट सांगता येत नाही. बाहेरच्या लोकांची वाटली, पोलिसांची वाटली. पण सगळ्यांत जास्त वाटली ती याची, की संध्याकाळी चौकात लोक म्हणतील, कॉम्प्युटरवाल्या सरांनी माणूस मारला असता. मी गप्प बसलो. सिस्टरांना त्याच आठवड्यात कामावरून काढलं. कागदावर 'निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं. तो कागद असताना धाराशिवला, बार्शीला, लातूरला, कुठंच त्यांना कुणी ठेवून घेतलं नाही, हे मला नंतर कानावर येत गेलं.

काही आठवड्यांनी जुना लॉग आपोआप पुसला जातो. मी त्याआधी ती ओळ पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि दाढीच्या सामानाच्या डब्यात ठेवली. का ठेवली, माहीत नाही. तीस वर्षांत कधी लॉग जाऊ दिला नव्हता, तेवढंच. रोज दाढी करताना तो डबा उघडावा लागायचा. शेवटी मी गावातल्या सलूनमध्ये जायला लागलो. फोन वाजला तरी मी उचलायचो नाही. बायको म्हणायची, उचला की, कुणाचा का असेना. मी तिलाच उचलायला लावायचो आणि तिचा चेहरा बघत उभा राहायचो. रुग्णालयाचं काम मी तब्येतीचं कारण सांगून सोडलं. ते एका लातूरच्या एजन्सीकडं गेलं.

यंदा छातीत दुखायला लागलं आणि शेजाऱ्यांनी मला जवळचं म्हणून तिथंच नेलं. आयसीयूत. मला दोन नंबरची खाट मिळाली.

तिथून टेबलावरचा स्क्रीन अर्धाच दिसायचा. त्यावर एक हिरवी रेघ माझी होती. मी तिच्याकडं बघत पडून राहिलो आणि हिशेब करत राहिलो, की एजन्सीनं सर्व्हर नवा बसवला असेल तर झाड कुठलं लावलं असेल? त्यांना जुना पक्का कागद सापडला असेल. मानपानाचा. कपाटात तोच होता. माझी दुरुस्ती मी कुठंच लिहून ठेवली नव्हती, लिहिली असती तर का केली ते विचारलं असतं. वर कचेरीत कुणी प्रिंटर चालू केला की मला ऐकू आल्यासारखं व्हायचं. आता अहवाल निघतोय. आता फांदी भरतेय. डोळा लागला की दचकून उठायचो आणि आधी रेघ शोधायचो. नव्या सिस्टर म्हणाल्या, काका, तुम्ही घाबरताय म्हणून नाडी वाढते, तिकडं बघू नका.

दुपारी दोनला पाळी बदलताना प्रत्येक सिस्टर एका छापील कागदावर सही करत होती. मी विचारलं, ही कसली सही?

"पाळीत स्क्रीन बंद करणार नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "आमच्या आधी एक होती, ईट गावची. सिरियल बघायला बंद केला म्हणे तिनं. पेशंट जाता जाता वाचला. तिच्यापायी आमच्या मागं हे लागलंय." आणि सहज हसत पुढं म्हणाल्या, "नवीन पोरी आल्या की पहिल्यांदा तिचीच गोष्ट सांगतो आम्ही."

मी त्यांना त्या वेळी काही बोललो नाही. तेवढं धाडस तेव्हाही नव्हतं. मात्र एजन्सीच्या माणसाला बोलवा असा हट्ट धरला. तो आला. झाड जुन्या पक्क्या कागदाबरहुकूमच होतं. आठ खाटा पुन्हा त्या फांदीवर कधीपासून होत्या, त्याला सांगता येईना. खाटेवर पडल्या पडल्या मी त्याला स्क्रीनची फांदी मुळाखाली लावायला सांगितली आणि काम झाल्याचं दाखव म्हणालो. त्यानं मोबाईलवर दाखवलं.

घरी सोडल्यावर आठ दिवसांनी मी ती ओळ छापून डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ती वाचली. मग म्हणाले, आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे. मी म्हणालो, सिस्टरांचं. त्यांनी विचारलं की मुळात हे झाड असं काढलंच का? मी त्यांना त्या दिवशीचं त्यांचं वाक्य सांगितलं. त्यांना ते आठवत नव्हतं.

"मी चेष्टा केली असेल हो, सर," ते म्हणाले. "तुम्ही तीस वर्षं हेच काम केलेला माणूस. माझ्या चेष्टेवर तुम्ही झाड फिरवलंत?"

त्यांनी जुना शेरा रद्द केल्याचं पत्र द्यायचं कबूल केलं, पण त्यात कारण 'तांत्रिक' एवढंच लिहिलं. पूर्ण कारण मी स्वतःच्या सहीनं वेगळं लिहिलं आणि दोन्ही घेऊन ईटला गेलो.

एसटीतून उतरल्यावर घर विचारावं लागलं. दोन माणसांनी विचारलं, ती दवाखान्यातून काढलेली का? सिस्टर खव्याच्या भट्टीवर होत्या. चार वर्षं त्या तिथंच कामाला आहेत. कढईत उलथणं फिरवत होत्या, मला बघून हात थांबला नाही, खवा लागतो म्हणून. मी तिथंच उभा राहून सगळं सांगितलं, आणि कागद पुढं केला. त्यांनी दुसऱ्या बाईच्या हातात उलथणं दिलं, पदराला हात पुसले आणि कागद वाचला. लॉगची इंग्रजी ओळ त्यांनी बोटानं वाचली.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"त्याच दिवशी. सव्वाचारला."

"म्हंजे केबिनमधी माहीत होतं."

"होतं."

मला वाटलं त्या रडतील, किंवा कागद भट्टीत घालतील. मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो. त्या म्हणाल्या, "हितं कशाला सांगायलाव? हितं भट्टीला काय कळतंय. तिथं वाचा, सगळ्या सिस्टरांपुढं. मी येते, आमच्या सासूबाईंना घेऊन. चार वर्षं लोकांचं त्यांनीबी ऐकलंय."

डॉक्टर आधी नको म्हणाले. मग म्हणाले, आयसीयूत नको, खाली प्रतीक्षेच्या खोलीत, पाळी बदलताना, पाच मिनिटं. ते स्वतःही आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बारा-तेरा सिस्टर होत्या. मला सही कसली ते सांगणाऱ्या सिस्टरही होत्या. रुग्णांचे दोन-तीन नातेवाईक बाकावरून उठले नाहीत, ऐकायला बसले. ईटच्या सिस्टर स्वच्छ पांढरी साडी नेसून आल्या होत्या आणि शेजारी त्यांच्या सासूबाई, हातात पिशवी घट्ट धरून.

मी कागद धरला आणि वाचायला लागलो. स्क्रीन कुणी बंद केला नव्हता. तो माझ्या चुकीच्या वाटणीमुळं बंद पडला. मला ते त्याच दिवशी कळलं आणि मी सांगितलं नाही. चार नंबरच्या रुग्णाला या सिस्टरांनी वाचवलं. एवढंच होतं, दहा-बारा ओळींचं. आवाज कसाबसा निघत होता. वाचून झालं तेव्हा मला बसावंसं वाटायला लागलं. आता संपलं, असं वाटलं.

सासूबाईंनी सुनेकडं वळून विचारलं, "काय म्हणायलेत ते?"

"यांना नीट ऐकू येत न्हाय," सिस्टर मला म्हणाल्या. "पुन्यांदा वाचा सर. मोठ्यानं."

मी घोटभर पाणी मागितलं, प्यालो, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. दाराबाहेर रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.